तुम्ही विचारलंत म्हणून: ही कुणाकडे जात का नाही?

लिफ्टमध्ये, लग्नात, सोसायटीच्या गार्डनमध्ये, सगळीकडे हाच प्रश्न येतो, "ही कुणाकडेच जात नाही का हो? एवढी लाजते?" विचारणारे प्रेमानेच विचारतात, हात पुढे केलेले असतात, आणि माझी सव्वादोन वर्षांची लेक माझ्या ओढणीत तोंड खुपसून एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत असते. घाईत मी "हो, जरा वेळ लागतो तिला" एवढंच म्हणते, पण तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते. तो जो एक डोळा बाहेर असतो ना, तो बघा, त्यात सगळं चाललेलं असतं.

तिचं बोरन्हाण केलं तेव्हाचं सांगते. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलं, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या, उसाचे तुकडे ओतले, बाकीची पोरं नुसती तुटून पडली त्याच्यावर आणि ही हात मांडीत ठेवून ढिम्म. रडली नाही, हसली नाही, एक बोर उचललं नाही. एक काकू म्हणाल्या, "अगं हिला काही कळलंच नाही." सगळे गेल्यावर मात्र खाली उतरली, सोफ्याखालची बोरं शोधून शोधून वाटीत भरली आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक दिलं, पहिलं आजीला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाटावर अस्वल बसलंय, त्याच्या डोक्यावर चुरमुरे ओतणं चाललंय, आणि निरांजन नव्हतं म्हणून चमचा ओवाळणं चाललंय. ओवाळताना आजी डोक्यावरचा पदर सावरते, तोसुद्धा हिने टॉवेल घेऊन सावरला! म्हणजे बघा, कळलं नाही म्हणता म्हणता तिने किती टिपून ठेवलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ साली एक अभ्यास सुरू केला होता, शंभरावर मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत बघितली. त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी निघाली की नवीन माणूस, नवीन जागा, नवीन खाणं समोर आलं की आधी मागे सरकतात आणि मग आपल्या वेळेने रुळतात. तो त्यांनी स्वभावाचा एक प्रकार मानला, आजार नाही की वाईट वळण नाही. आणि मुलाचा स्वभाव आणि घरच्यांची वागण्याची रीत यांचा मेळ बसतो की नाही यावर त्यांनी फार भर दिला. मला हे वाचून खूप बरं वाटलं, कारण रोज घरात तेच बघतेय.

आणि शांत आहे म्हणजे गरीब आहे असं बिलकुल नाही हं. आजी रोज गालावर काजळाची तीट लावते, आधी ही आरशातल्या मुलीच्या गालाला हात लावायची, मग एक दिवस आरशात बघून स्वतःचाच गाल पुसला. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मुलांना आरशातलं आपणच आहोत हे कळायला लागतं, पण डोळ्यांसमोर ते घडताना बघणं काही वेगळंच. त्यानंतर जे 'मी' सुरू झालंय! चप्पल मी, कडी मी, लिफ्टचं बटण मी. बटण चुकून बाबाने दाबलं तर परत खाली जाऊन वर यायचं, त्याशिवाय सुटका नाही. चप्पल उलटीच घालते, पण स्वतः घालते, तोंडातून आवाज नाही, आदळआपट नाही, नुसता हात बाजूला करते आपला, आणि तेवढ्यात सगळं सांगून टाकते.

म्हणून "चार माणसांत सोडा, होईल सवय" असं कुणी म्हणालं आणि तिला माझ्या कडेवरून ओढून घेतलं की मला खरंच वाईट वाटतं. ती रडते ते एक, पण त्या माणसाकडे पुढच्या वेळी जायला तिला दुप्पट वेळ लागतो. मी तिला सगळीकडे नेते, लग्नाला, बाजारात, भिशीलासुद्धा, घरात कोंडून ठेवत नाही, फक्त पोचल्या पोचल्या कुणाच्या हातात देत नाही. घसरगुंडीपाशी आम्ही आधी बाकावर बसतो, कोण ढकलतं, कोण रांगेत थांबतं हे तिचं बघून होतं, मग ती माझं बोट सोडते आणि एकदा सोडलं की घरी यायचं नाव नाही.

तेव्हा घरी याल तेव्हा एवढं करा. तिला हाक मारू नका, माझ्याशी बोला, जमलं तर खाली सतरंजीवर बसा. पर्स किंवा पिशवी बाजूला ठेवा, ती आधी तिलाच भेटायला येईल, चेन उघडेल, उघडू द्या. खाऊ आणला असेल तर हातात न देता टेबलावर ठेवा. आणि चहा घेऊनच जा, कारण बहुतेक तुम्ही निघायला उठाल तेव्हा ती तुमची चप्पल लपवायला घेईल.