ॲसिड रोज लावू का? तुम्ही विचारलंत म्हणून

दादरला मेडिकलच्या काउंटरवर असते मी. मोबाईलवर सिरमचा फोटो पुढे करून ‘ताई, हे रोज लावलं तर चालेल ना?’ असं विचारणारं कोणी ना कोणी येतंच, आणि आता मुलगेही तितकेच विचारतात. ही चेहऱ्यावरची मेलेली त्वचा काढणारी ॲसिडं. बाटलीवर कधी ग्लायकोलिक लिहिलेलं असतं, कधी सॅलिसिलिक, कधी लॅक्टिक. माझं उत्तर ठरलेलं आहे: रोज नको. आठवड्यातून दोन रात्री लावा, तेही सकाळी सनस्क्रीन लावणार असाल तरच. ‘पण व्हिडिओत तर रोज सांगतात’, हे त्यावर लगेच येतं. काउंटरवर गर्दी असते, बोलणं अर्धवट राहतं, म्हणून इथे नीट लिहिते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. विटा सिमेंटने धराव्यात तशा या पेशी प्रथिनांच्या दुव्यांनी एकमेकींना धरून असतात. ॲसिड हे दुवे सैल करतं आणि पेशी आपोआप सुटतात, घासावं लागत नाही. अक्रोडाच्या सालीचा स्क्रब मात्र जिथे फिरेल तिथे खरवडतो, पिकलेल्या पिंपलवरसुद्धा. त्यामुळे स्क्रब मागणाऱ्यांना मी स्वतःहून ॲसिडकडे वळवते. ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः वापरते.

माझ्याकडे लॅक्टिक आहे, पाच टक्क्यांचं. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ देते. नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत आधी व्हॅसलीनचं बोट फिरवते, कारण ॲसिड तिथे साचतं आणि पहिलं तिथेच सोलतं. मग चार थेंब, डोळ्यांच्या आसपासचा भाग सोडून. जराशी चुणचुण होते आणि मिनिटभरात जाते. ती वाढत गेली तर ‘काम करतंय’ असं समजून सोसायचं नाही, सरळ पाण्याने धुऊन टाकायचं. वरून साधं मॉइश्चरायझर. हनुवटीवरचा खरखरीतपणा गेला, सकाळी सनस्क्रीन एकसारखं बसतं. रंग उजळलेला नाही, आणि त्यासाठी मी ते लावतही नाही.

कुठलं घ्यावं? ग्लायकोलिकचा रेणू यांत सगळ्यात लहान, म्हणून तो झटकन आत जातो आणि झोंबतोही जास्त. मँडेलिक हे याच जातीचं आणखी एक ॲसिड; त्याचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट जड, सावकाश मुरतो. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला पहिल्यांदा लावणार असाल तर मी तोच सुचवते. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे रोमछिद्रांत उतरतं. ब्लॅकहेड्स आणि तेलकट नाक असेल तर ते घ्या, दोन टक्के पुरे. ऑनलाइन 30 टक्क्यांची पील्स, म्हणजे त्वचा सोलणारी तीव्र ॲसिडं, सहज मिळतात, ती घरी करू नका. गरोदर असाल, एक्झिमा असेल किंवा डॉक्टरांनी पिंपल्सची क्रीम दिली असेल, तर आधी त्यांना विचारा.

आता ‘रोज नको’ का, ते. आपल्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी लवकर चवताळतात. गोऱ्या त्वचेवर जी लाली येऊन जाते, तिच्या जागी आपल्याकडे तपकिरी डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने हलत नाही. म्हणजे डाग घालवायला आणलेली बाटलीच डाग देते. असे गाल मी जवळून बघते: ताणलेले, नको इतके चकचकीत, साधं पाणी लागलं तरी झोंबणारे, हाडाच्या उंचवट्यावर काळपट. विचारलं की कळतं, सकाळी सॅलिसिलिकचा फेसवॉश, रात्री ग्लायकोलिकचं टोनर, त्यावर रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए-चं सिरम. तिन्ही वेगवेगळ्या वेळी घेतलेली, त्यामुळे आपण एकाच चेहऱ्याला तीनदा सोलतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी सगळं थांबवायचं. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. काही आठवड्यांत झोंबणं थांबलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. शेजारणीने सांगितलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब मागू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. 2018 मध्ये सरकारने अशा कितीतरी मलमांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातलं. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, कोणी कितीही रागावलं तरी.

आयब्रो किंवा अप्परलिप करायची असेल तर दोन-तीन दिवस आधी ॲसिड बंद करा आणि नंतरही तेवढंच थांबा. आणि लिंबू चोळणं तर सोडूनच द्या. ते किती तीव्र लागतंय हे तुम्हाला कळत नाही, चेहऱ्यालाच कळतं.

उरलं ऊन. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने दिलेली माहिती अशी की, 3.5 पीएचचं (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 10 टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर त्वचा उन्हाने लाल होण्याचं प्रमाण 18 टक्क्यांनी वाढलं, आणि बंद केल्यावर आठवड्याभरात ते पूर्ववत झालं. आपण रात्री ॲसिड लावतो आणि सकाळी लोकलच्या खिडकीत उन्हाच्या बाजूला बसतो. जुलैच्या ढगांतून आणि एसी लोकलच्या काचेतूनही यूव्हीए, म्हणजे उन्हातले त्वचेत खोल जाणारे अतिनील किरण येतातच. शिवाय मुंबईचा घाम. स्टेशनच्या पुलावरून उतरेपर्यंत रुमालाने दोनदा चेहरा पुसला की सकाळचं सनस्क्रीन रुमालावर गेलेलं असतं. म्हणून ते दोन बोटांवर भरून घ्या, ऑफिसला पोचल्यावर पुन्हा लावा, आणि पुसायचं असेल तेव्हा घासू नका, टिपून घ्या.

पहिल्या पगारातून काहीतरी घ्यायला आलेल्या मुलीला बऱ्याचदा एकच बाटली परवडते. तिने हातात ॲसिड धरलेलं असतं. मी ते परत कपाटात ठेवते, तिला सनस्क्रीन देते आणि ॲसिडसाठी पुढच्या महिन्यात ये म्हणते.