होकाराची वाट पाहणारी ध्येये

सेलू तालुका, वर्धा जिल्हा. डिसेंबर, रात्री उशिरा.

आजची सकाळ प्रत्येकाने आपली पुढील दहा वर्षांची ध्येये लिहून काढण्यासाठी राखून ठेवली होती. एक चित्रपट-संकलक, दोन अनुवादक, एक अक्षररचनाकार, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील नाट्यमंडळांसाठी नाटके लिहिणारे एक गृहस्थ आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणारी मी, असे आम्ही निरनिराळ्या व्यवसायांतले लोक या शेतघरात एकत्र राहिलो आहोत, आणि पगाराची नोकरी कोणालाच नाही, एवढेच आमच्यातले साम्य आहे. दुपारी कागद वाचून दाखवले गेले तेव्हा मात्र ते बहुतेक एकाच हाताने लिहिले असावेत असे वाटले. एखादा मोठा पुरस्कार, स्वतःचा स्टुडिओ, नामांकित प्रकाशकाकडे पुस्तक, परदेशातील पाठ्यवृत्ती. माझाही कागद याच वळणाचा होता.

वेगळा कागद एकट्या नाटककारांचा निघाला. त्यांचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो आणि होळीपर्यंत चालतो, त्यामुळे ते उद्या वडशाला, या मंडळांच्या गावी, परत निघतील. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: पहाटेपर्यंत मंडपातला माणूस उठू नये. आमच्यापैकी एक-दोघे हसले. मला ते हसू आवडले नाही. रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणाऱ्या नाटकात, डिसेंबरच्या थंडीत, तिकीट काढून बसलेल्या शेतकऱ्याला जागेवर खिळवून ठेवणे ही ज्याला लहान गोष्ट वाटते त्याने एकदा तो प्रयत्न करून पाहावा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शहरांतल्या पुष्कळांना या रंगभूमीचे नाव नव्याने कळले. पण ती रंगभूमी त्या दिवसाची वाट पाहत थांबली नव्हती, तिचे प्रयोग आधीपासूनच तिकिटांवर चालत होते.

कागद वाचून झाल्यावर पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या यजमानांच्या आजीने विचारले, ‘दहा वर्साचं लिहून राह्यल्या का जी तुमी?’ मी हो म्हटले. ‘लिवा मंग. आमचं त ठरलं हाय. पयले बोअर, मंग नातीचं नर्सिंग, अन् मंग घराचा स्लॅब. कापसाले भाव भेटला त बोअर यंदाच, नाही त पुढल्या साली.’ शेतकऱ्याला कसली आली दहा वर्षांची ध्येये, तो आला हंगाम काढतो, असे आपण शहरात बसून किती सहजपणे बोलतो! आजींच्या यादीत क्रम होता, पैसा कोठून येणार हे होते आणि भाव पडला तर काय पुढे ढकलायचे हेदेखील होते. आमच्या एकाही कागदावर यांतले काही नव्हते.

काल आम्ही पवनारला, विनोबा भावे यांच्या आश्रमात, गेलो होतो आणि त्या भेटीवरून आज संध्याकाळी बराच वाद झाला. १९३८ साली विनोबा तेथे आले ते प्रकृती पार ढासळली म्हणून; गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी विश्रांतीसाठी ती जागा निवडली, आणि धाम नदीवरचा पूल ओलांडताना ‘संन्यस्तं मया’ असे म्हणून सगळ्या कामांची ओझी मनातून उतरवली. तेथे ते शेतात खणू लागले. आधी थोडा वेळ, मग रोज थोडा अधिक. त्या खणण्यात भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प हाती लागले, जे आज आश्रमात स्थापन केलेले आहे. मला अधिक विलक्षण वाटते ती त्याआधीची गोष्ट. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत विनोबांनी भरत आणि राम यांच्या भेटीचे चित्र एखाद्या चित्रकाराने काढले तर किती बहारीचे होईल, अशा अर्थाचे उद्गार काढले होते, आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले.

आमच्या संकलकाचे म्हणणे असे की ध्येय सोडून दिल्यावरच ते भेटते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार. मला हे पटले नाही आणि मी तसे बोलून दाखवले. शिल्प सापडले ते संन्यासामुळे नव्हे, तर एकाच जमिनीत रोज कुदळ पडत होती म्हणून सापडले. आणि दगड वर आल्यावर त्यात भरत-रामाची भेट ओळखू आली ती इच्छा सहा वर्षांपूर्वीच शब्दांत मांडलेली होती म्हणून. विनोबांनी त्यात ईश्वरी संकेत पाहिला, तो त्यांचा अधिकार. माझ्यासारखीला मात्र त्यात नेम आणि नेमकी इच्छा यांचाच धडा दिसतो.

मग चर्चा त्या शिल्पकाराकडे वळली, कारण त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले; तेव्हा त्या कारागिराच्या पाठीशी बहुधा राजाश्रय असणार. निनावी राहण्याचे गोडवे गाणाऱ्या अनुवादक मैत्रिणीला मी एवढेच म्हटले की राजाश्रय असेल तर निनावी राहणे परवडते. मुलांच्या पुस्तकांत चित्रकाराचे नाव पुष्कळदा आतल्या पानावर बारीक अक्षरांत टाकलेले असते, आणि पुढचे काम त्या बारीक अक्षरांवरूनच मिळते. म्हणून मला नाव हवे आहे आणि ते हवे असण्यात मला काही गैर वाटत नाही.

जेवणानंतर मी माझा कागद पुन्हा काढला आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे कोणाच्या होकारावर अडले आहे? पुरस्कार परीक्षकांच्या, पाठ्यवृत्ती निवड समितीच्या, मोठे पुस्तक प्रकाशकाच्या. सगळ्या यादीत केवळ माझ्या हातांसाठी थांबलेली अशी एकच गोष्ट निघाली, आणि ती शेवटच्या ओळीत, जवळजवळ संकोचाने लिहिलेली होती: कपाशीच्या शेतावरचे, मुलांसाठीचे चित्रपुस्तक. विदर्भातल्या पोराने पुस्तक उघडावे तर त्याला धुऱ्यावरची बोर, फुटलेल्या बोंडांनी पांढरे झालेले वावर, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाया, रानडुकरांसाठी रात्रीची जागल, आणि हंगाम सरल्यावर गुरांसाठी मोकळे सोडलेले उलंगवाडीचे रान दिसावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. मुलांच्या पुस्तकांतले शेत बहुधा भाताचे नाहीतर उसाचे असते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, क्वचित दिसते.

तरीही बाकीच्या ओळी मी खोडल्या नाहीत. आजींचा बोअरही कापसाच्या भावावरच अवलंबून आहे, म्हणून त्यांनी तो यादीतून काढलेला नाही. त्याला फक्त जागा नेमून दिली आहे. तसा मीही क्रम लावला. पयले चित्रपुस्तक. मंग बाकीचे, ज्याचा होकार ज्या वर्षी येईल त्या वर्षी.

त्यातला पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. संक्रांतीनंतर सुरू होणारे जाहिरातींच्या चित्रांचे एक मोठे काम मी स्वीकारण्याच्या बेतात आहे. ते सोडले तर घरखर्च कसाबसा मार्चपर्यंत निभेल, आणि स्वीकारले तर वेचणी संपेपर्यंत मला या बाजूला फिरकता येणार नाही, म्हणजे चित्रे पुढच्या हंगामावर जातील. अर्धेच काम घेता येईल का, हे विचारणारा मेल लिहून ठेवला आहे. पण आकडे नीट मांडल्याशिवाय तो पाठवायचा नाही असे ठरवले आहे. अक्षररचनाकार मित्राने आपले एक पुस्तक स्वतःच छापले आहे, तेव्हा कागद, छपाई आणि बांधणीचा हिशेब उद्या चहाच्या वेळी त्याच्याकडून समजून घेईन. त्याआधी, ऊन चढायच्या आत, आजींबरोबर वावरात जायचे आहे. वेचणीला बाया कमी पडताहेत, आणि चित्र काढायचे असेल तर आधी ओटी बांध, असे त्यांनी मला बजावले आहे.