मिरीच्या पैशांचा मठ आणि कार्मोचा चौक

लिस्बनच्या बेलेम भागातल्या जेरोनिमस मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामा भेटतो. दगडी शवपेटी, तिच्यावर हात जोडून उताणा पहुडलेला त्याचा पुतळा आणि भोवती मोबाइल उंचावलेली गर्दी. नवरा म्हणाला, "अगं, यालाच आपण शाळेत दोन मार्कांना लिहायचो." त्या दोन मार्कांत १४९८ आणि कालिकत एवढंच मावायचं. गामा १५२४ साली कोचीत वारला, तिथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलं, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले आणि या मठात ते आले थेट १८८० साली, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मठाचं काम १५०१ च्या सुमारास राजा मानुएलने सुरू केलं. खर्च भागला तो पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या पाच टक्के कराने. थोडक्यात, ही सगळी मलबारची मिरी आहे. आतल्या चौकातल्या खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड आहेत, इतके हुबेहूब की पीळ मोजता यावेत. मुख्य वेदीच्या बाजूला राजघराण्याच्या शवपेट्या आहेत आणि त्या चक्क संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. आपल्याकडे देवळाच्या पायाशी गजथर असतो तो देवाचा भार वाहायला. इथले हत्ती मानुएलला वाहतायत.

बेलेमच्या बुरुजावर आणखी एक देशी पाहुणा आहे. बाहेरूनच, एका कोपऱ्यातल्या टेहळणी-घुमटीच्या खाली बघायचं. झिजून झिजून आता तो कुठलाही प्राणी वाटेल, पण आहे तो गेंडा. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह याच्याकडे भारतातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी नाकारली आणि गेंडा भेट दिला! गोव्याहून जहाजावर चढवलेलं ते धूड मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरलं. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने गेंडा न पाहताच, आलेल्या वर्णनावरून त्याचं चित्र कोरलं आणि पुढची कित्येक वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तेच चित्र माहीत होतं. राजाने तो पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवला, तर इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला गेंडाही बुडाला. मला विचाराल तर 'शोधांच्या युगा'चं खरं स्मारक हेच.

नदीकाठावरचं अधिकृत स्मारक मात्र मला अजिबात आवडलं नाही. जहाजाच्या नाळेसारखं उंच दगडी काम, पुढे राजपुत्र हेन्री द नॅव्हिगेटर आणि मागे दोन्ही बाजूंना राजे, खलाशी, धर्मगुरू रांगेने. बाई एकच, हेन्रीची आई. आधी ते १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, पक्कं बांधलं १९६० साली, म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीत. गामाबरोबर १४९७ मध्ये चार जहाजांतून निघालेल्या सुमारे १७० माणसांपैकी निम्मीसुद्धा परतली नाहीत. त्याचा सख्खा भाऊ पाउलो परतीच्या वाटेवर अझोर्स बेटांवर गेला. त्या न परतलेल्यांसाठी या दगडात फारशी जागा दिसली नाही.

ट्रामने शहरात परतलो. प्रासा दू कोमेर्सियू हा नदीला खेटून असलेला भलामोठा चौक, पण जुने लोक त्याला अजून 'तेरेइरू दू पासू' म्हणतात, राजवाड्याचं अंगण. राजवाडा कुठे आहे, तर नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढे भूकंप झाला. चर्च भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या. इमारती कोसळल्या, जीव वाचवायला लोक नदीकाठी धावले तर तिकडून त्सुनामीच्या लाटा आल्या, आणि उरलंसुरलं शहर पुढे काही दिवस जळत राहिलं. राजवाडा गेला, त्यातला ग्रंथसंग्रह गेला, त्याच वर्षी वसंतात उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं, भारताच्या व्यापाराचं दफ्तर गेलं.

सणाच्या दिवशी, चर्चमध्येच, भाविकांवर देवाने छत का पाडावं? हा प्रश्न युरोपभर पसरला. व्हॉल्तेअरने त्यावर दीर्घ कविता लिहिली, तरुण कांटने भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर निबंध लिहिले. लिस्बनमध्ये मालाग्रिदा नावाचा जेझुइट पाद्री सांगत होता की हा पापांचा कोप आहे, लोकांनी पश्चात्ताप करावा. मंत्री कार्वाल्यू, जो पुढे मार्केस द पोम्बाल झाला, त्याला लोक ढिगारे उपसायला हवे होते. त्याने गावोगावच्या चर्चना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला? आधी समुद्र ओसरला की चढला? किती माणसं मेली? कोपाबद्दल एकही प्रश्न नाही. आजचे भूकंपतज्ज्ञसुद्धा त्या उत्तरांवर काम करतात.

बायशा भागातल्या सरळसोट गल्ल्या त्याच्याच काळातल्या. एका खानावळीत भिंतीचा गिलावा मुद्दाम काढून काचेमागे आतला सांगाडा दाखवला होता: लाकडी चौकटी, त्यात तिरक्या फुल्या, मधे दगडविटांचा भरणा. भिंत पडली तरी पिंजरा उभा राहावा, ही कल्पना. नमुना तपासायला सैनिकांना भोवती पाय आपटत कवायत करायला लावली होती म्हणे. मी भिंतीकडे टक लावून बघतेय म्हटल्यावर वेटरला वाटलं मेनू शोधतेय.

पोम्बालला संत समजायचं कारण नाही. मालाग्रिदाला १७६१ मध्ये भर चौकात गळा आवळून मारलं आणि जाळलं, ते त्याच्याच राज्यात. पण गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १७७४ मध्ये बंद झालं तेही त्याच्याच हुकमाने. १७७७ मध्ये तो पायउतार झाला आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा सुरू! कायमचं संपलं १८१२ साली. मी सावंतवाडीची. आमच्याकडच्या कितीतरी घराण्यांचे देव गोव्यातून पळून, गावं बदलून वाचलेले. त्यामुळे पोम्बालच्या पुतळ्याकडे बघताना माझं मत दर मिनिटाला बदलत होतं.

चढ चढून कार्मोला गेलो. लोखंडी लिफ्टही जाते, पण तिथली रांग पाहून पायच बरे वाटले. कार्मोच्या चर्चचं छत १७५५ ला पडलं ते आजवर नाहीच. कमानी तशाच उभ्या, वर नुसतं आकाश, खाली गवत. लिस्बनमध्ये एकच जागा बघायची असेल तर मी ही सांगेन. आणि ती दोनदा बघायची, एकदा आतून, एकदा बाहेरच्या चौकातून. चौकात जकारंडाची झाडं, कारंजं, खुर्च्या टाकून बसलेले लोक आणि चर्चला लागून नॅशनल गार्डचं मुख्यालय. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो काएतानो या इमारतीत लपला होता.

मध्यरात्र उलटताच रेडिओवर ठरलेलं गाणं लागलं आणि सैन्यातले कॅप्टन आपापल्या तुकड्या घेऊन निघाले. सांतारेंहून आलेला कॅप्टन साल्गेइरू माया आधी तेरेइरू दू पासूवर पोचला, मग इथे. वय २९. कर्ण्यावरून शरण यायला सांगितलं, भिंतीवर गोळ्या झाडल्या, चौकात लोक झाडांवर चढून बसलेले. काएतानो म्हणे की सत्ता रस्त्यावर पडू देणार नाही, मोठ्या अधिकाऱ्याच्याच हाती देईन. शेवटी जनरल स्पिनोला आला आणि संध्याकाळी काएतानोला चिलखती गाडीतून बाहेर नेलं. सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली म्हणून ही कार्नेशन क्रांती. रक्त सांडलंच नाही असं म्हणतात ते मात्र खरं नाही. जवळच्याच रस्त्यावर गुप्त पोलिसांनी गर्दीवर गोळीबार केला, चार माणसं मेली.

आता माझा मुद्दा. या क्रांतीमुळे पोर्तुगालने गोवा भारताचा म्हणून मान्य केला, ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्लीतल्या करारात, हे आपण वाचलेलं असतं. पण उलटा धागाही आहे. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गोव्यातल्या सैन्याला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हा याने तो मानला नाही, शरणागती पत्करली, हजारो जीव वाचवले. मायदेशी त्याला सैन्यातून हाकललं. पुढे अंगोला, गिनी, मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींच्या जंगलात वर्षानुवर्षं लढणाऱ्या कॅप्टनांच्या डोक्यात हेच होतं: हरायला आपल्याला लावतील आणि खापरही आपल्याच माथी फोडतील, गोव्यासारखं. म्हणून त्यांनी तोफा राजधानीकडे वळवल्या. दुसरी कारणंही होती, पगार-बढत्यांची कुरबुर होती. पण गोव्यातली शरणागती या चौकापर्यंत येऊन पोचली होती, हे नक्की. वासालू ई सिल्व्हाला क्रांतीनंतर पद परत मिळालं, आणि १९८० मध्ये तो गोव्याला आला तेव्हा लोकांनी त्याचं प्रेमाने स्वागत केलं.

दुसऱ्या दिवशी काइश दू सोद्रेहून काश्काइशची लोकल पकडली. सगळे समुद्रावर निघालेले, टॉवेल-छत्र्यांसकट. वाटेत काशियास स्टेशन लागतं. इथल्या किल्ल्यात गुप्त पोलिसांचा तुरुंग होता आणि त्यात आपले मोहन रानडे होते. सांगलीचा तरुण, गोव्यात मराठीचा मास्तर म्हणून गेलेला, १९५५ मध्ये पकडला गेला. गोवा मुक्त झाला तरी ते इथेच. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. किल्ला पर्यटकांना खुला नाही, तिथे आजही तुरुंगच आहे. हुकूमशाहीतल्या कैद्यांबद्दल बघायचं असेल तर लिस्बनच्या कॅथेड्रलजवळ आल्जुबे संग्रहालय आहे, तेही पूर्वीच्या तुरुंगातच. कोठड्या इतक्या अरुंद की नवरा आडवा होऊन आत शिरला. बेलेमची रांग टाळून दोन तास तिथे द्या.