आधी मनात, मग जीन्समध्ये

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे इतके झालेत की प्रश्नाचे दोन्ही भाग मला पाठ आहेत. पहिला: "किल्लारीला तीस वर्षं उलटली, हाड तेव्हाच जुळलं, मग पाय अजून दुखतो कसा?" दुसरा, आवाज खाली आणून: "मुलीत नाही ना काही उतरलं?"

पहिल्याचं आधी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदाची तुळई माझ्या उजव्या गुडघ्याखाली पडली. हाड जुळलं, नस चेंगरली ती चेंगरलीच. थंडीत पायाला नुसती चादर लागली तरी आग होते. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणायचे, मनाला लावून घेऊ नका. ऐकून ऐकून मलाच माझा संशय यायला लागला होता.

मग लेक लातूरला बायोटेक्नॉलॉजी शिकायला लागली आणि आमच्या घरात एपिजेनेटिक्स आलं. डीएनएची अक्षरं तीच राहतात. त्यांवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात, सुटतात, आणि कुठलं जनुक, म्हणजे जीन, बोलेल, कुठलं गप्प बसेल ते बरंचसं त्यावर ठरतं. २०१३ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. उंदरांच्या पायाची नस दुखावून सहा महिन्यांनी त्यांनी मेंदू तपासला. जखम पायाला, आणि मिथाइलच्या खुणा बदललेल्या मेंदूच्या कपाळामागच्या भागात. उंदीर जगतो जेमतेम दोनेक वर्षं, म्हणजे सहा महिने थोडे नव्हेत. माझ्या मेंदूत तसंच झालंय की नाही, हे मेंदूचा तुकडा काढल्याशिवाय कोण सांगणार? तरी मी भेटेल त्याला उंदीर ऐकवत सुटले.

तो उंदीर येळवशीला उलटला.

वेळ अमावास्येला शेतात जेवायला लेकीसाठी आलेल्या स्थळाची माणसं बोलावली होती. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-उंडे वाढून झाले. लेक मडक्यातून आंबील देत होती. तेवढ्यात बांधावर ट्रॉलीचा फाळका धाडकन पडला. ती दचकली, आंबील मुलाच्या आत्याबाईंच्या पदरावर सांडली. (मुलाचे काकाही उठून उभे राहिले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.) आत्याबाई पदर झटकत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुमच्या भूकंपाचंच की काय? आईचा धक्का लेकराच्या जीन्समध्ये उतरतो, मोबाइलवर बघितलंय मी." कुणी काही बोललं नाही. लेकीनं वाटी पुन्हा भरली, त्यांच्यापुढे ठेवली आणि विहिरीकडे निघून गेली. मला उठायचं होतं, पण मांडी घातलेला पाय सुटेना. कुणाचा तरी हात धरून उठेपर्यंत विषय हुरड्यावर गेला होता. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

म्हणजे पंचवीस वर्षं माझं दुखणं मनात होतं, आता एकदम लेकीच्या जीन्समध्ये. ते माझ्या पायात आहे, असं कुणीच का म्हणत नाही?

आता दुसरा प्रश्न. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांमध्ये साठेक वर्षांनीही मिथाइलच्या खुणा वेगळ्या सापडल्या. पण ती भूक होती, आणि ती लेकरं तेव्हा पोटात होती. माझी लेक भूकंपानंतर नऊ वर्षांनी जन्मली. हे मी ठासून सांगते, आणि रात्री मलाच आठवतं की बाईची बीजं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. मी तेरा वर्षांची तुळईखाली होते, तेव्हा हिचं बीज माझ्याबरोबर तिथंच होतं. गर्भाच्या सुरुवातीला असल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात, आईची जखम लेकरात अशी उतरते हे माणसांत सिद्ध झालेलं नाही, हे लेकीनंच मला समजावलंय. आणि दचकण्याला मिथाइल कशाला हवं? ती वाढलीच दाराशी अंथरूण टाकणाऱ्या, ट्रक गेला तरी उठून बसणाऱ्या बाईजवळ.

तरी "बहुतेक" हा शब्द मला टोचतो.

एक मात्र कुणी विचारत नाही. त्याच अभ्यासात काही उंदरांना हिंडाफिरायला, खेळायला वाव असलेले पिंजरे दिले. त्यांचं दुखणं कमी झालं, खुणाही बऱ्याच मागे फिरल्या. म्हणून मी रोज पहाटे चालते. पाय दुखतोच.

लेक म्हणते, उंदरांचं सगळ्यांना सांगणं आता बंद कर. मी अजून ठरवलेलं नाही.