तुम्ही विचारलंत म्हणून: ही चिठ्ठी कोणी लिहिली, सांगता येईल का?

भाषाविज्ञान शिकवते म्हटलं की प्रश्न ठरलेला. "मग लिहिण्यावरून माणूस ओळखता येतो का हो? कोर्टात चालतं का ते?" काहींच्या फोनमध्ये फोटोसुद्धा तयार असतो. सोसायटीच्या फलकावर लावलेली निनावी चिठ्ठी, नाहीतर भावकीच्या ग्रुपवर अनोळखी नंबरावरून आलेला मेसेज. नाव सांगा, एवढीच अपेक्षा.

नाव मी सांगत नाही. चार ओळींत कोणाचीच भाषा मावत नाही. रोमन लिपीत मराठी लिहिताना 'आहे'मध्ये कोणी एक 'ए' टाकतं, कोणी दोन. 'नाही'तले स्वर कोणी सरसकट गिळतं. या लकबी खऱ्या, पण त्या एकट्यादुकट्याच्या नसतात. भावंडांच्या त्याच, वर्गमित्रांच्याही त्याच. त्यात निम्मे शब्द हल्ली फोनच सुचवतो. आणि अक्षराचं वळण पाहायचं असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञ गाठा, ते काम माझं नव्हे.

मग 'युनाबॉम्बर' निघतोच. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात बॉम्ब पाठवून त्याने तिघांचा जीव घेतला. सप्टेंबर १९९५ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्याचा सुमारे ३५,००० शब्दांचा जाहीरनामा छापला आणि डेव्हिड काझिन्स्कीला त्यात आपल्या भावाची, टेडची, बोली ओळखू आली. गोष्ट खरी आहे. पण ओळखलं ते भावाने. तज्ज्ञांनी जुन्या पत्रांशी ताडून पाहिलं ते त्यानंतर. त्या ताडण्यातून मिळालं ते झडतीचं वॉरंट. पुरावा म्हणावा असा पुरावा माँटानातल्या त्याच्या झोपडीत सापडला. ३५,००० शब्द हाताशी आणि समोर एकच संशयित, अशी चैन कोणत्या तपासात मिळते?

हे शास्त्र मला खरं उपयोगी वाटतं ते दुसऱ्याच कामाला. कागदावरचे शब्द ज्याच्या नावावर आहेत त्याचे ते नाहीत, हे ते बऱ्यापैकी खात्रीने दाखवू शकतं.

डेरेक बेंटली हा इंग्लंडमधला एकोणीस वर्षांचा मुलगा, बुद्धीने बेताचा, लिहिता-वाचता जवळजवळ न येणारा. नोव्हेंबर १९५२ मध्ये क्रॉयडनला एका गोदामाच्या छपरावर त्याच्या साथीदाराने पोलिसावर गोळी झाडली. पोलीस मेला. साथीदार सोळा वर्षांचा, म्हणून फाशीतून सुटला. २८ जानेवारी १९५३ रोजी फासावर गेला तो बेंटली. खटल्यात त्याचा जबाब होता आणि पोलिसांनी शपथेवर सांगितलं होतं की आम्ही प्रश्न विचारले नाहीत, तो बोलत गेला आणि आम्ही जसंच्या तसं उतरवून घेतलं.

भाषावैज्ञानिक माल्कम कूल्थर्ड यांनी पुढे तो ५८२ शब्दांचा जबाब तपासला. त्यात 'देन', म्हणजे आपलं 'मग', दहा वेळा आलं होतं आणि अनेकदा कर्त्याच्या नंतर: 'आय देन'. साधी माणसं 'देन आय' म्हणतात. बोलीच्या नमुनासंग्रहात 'आय देन' १,६५,००० शब्दांत एकदा सापडलं, बेंटलीच्या जबाबात १९० शब्दांत एकदा, आणि पोलिसांच्या स्वतःच्या जबाबांत ११९ शब्दांत एकदा. दुसरी खूण नकारांची. 'माझ्याजवळ पिस्तूल नव्हतं', 'आम्ही काय चोरणार ते मला माहीत नव्हतं'. न विचारता कोण असं सांगत सुटतं? प्रश्न विचारले गेले होते, ते फक्त कागदावरून पुसले होते.

१९९८ मध्ये अपील न्यायालयाने बेंटलीचा दोष रद्द केला. या विषयावर बोलणारे इथे टाळीचं वाक्य टाकतात, ते मी टाकणार नाही. निकालाचा मुख्य आधार मूळ न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी ज्युरीला केलेलं एकतर्फी मार्गदर्शन हा होता. भाषेने फाशीची चूक एकटीने उघडी पाडली असं म्हणणं बरोबर नाही.

तरी बेंटलीचा जबाब वाचताना मला आपलीच पोलीस ठाणी आठवतात. आपली 'आय देन' म्हणजे 'असता'. बाई सांगते, "म्या इचारलं तर त्यानं काठी घातली डोस्क्यात." कागदावर उतरतं, 'मी त्यास विचारणा केली असता त्याने हातातील लाकडी काठीने माझे डोकेवर मारून दुखापत केली व शिवीगाळ दमदाटी केली.' 'असता', 'सदर', 'नमूद', 'माझे डोकेवर' असं आयुष्यात कोणी बोललेलं नाही. शेवटी 'माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे' हेही लेखनिकाच्याच भाषेत.

आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली १८७२ च्या साक्ष कायद्यापासून पुरावा ठरत नाही (मकोकासारखे अपवाद सोडून). त्यामुळे बेंटलीसारखा जबाब आपल्या कोर्टात सहसा टिकणार नाही. पण साक्षीदाराचा जबाब, ज्याला वकील जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून अजून 'एकशे एकसष्टचा' म्हणतात, उलटतपासणीत हत्यार होऊन परत येतो. बाई कोर्टात सांगते की दिराने मला धरून ठेवलं होतं. वकील विचारतात, हे पोलिसांना सांगितलं होतं का? सांगितलं होतं. मग जबाबात का नाही? आणि नोंद होते: 'माझे जबाबात तसे का लिहिलेले नाही याचे कारण सांगता येणार नाही.' झालं 'ओमिशन', म्हणजे जबाबातून राहून गेलेली गोष्ट. जे वाक्य तिने रचलेलंच नाही, त्यातल्या गाळलेल्या जागेचा जाब तिला विचारला जातो.

याचं दुसरं टोकही आहे. पाच साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द सारखे निघाले की बचाव पक्ष म्हणतो, पढवलेले आहेत. दोन माणसं एकच प्रसंग स्वतंत्रपणे सांगताना लांबलचक वाक्यं तीच वापरत नाहीत, हे खरंच आहे. पण इथे लिहिणारा हात एकच होता. सारखेपणावरून लेखनिक कळतो. साक्षीदार खरे की खोटे, ते त्यावरून कळत नाही. एवढं सांगायला भाषेचा माणूस साक्षीला बोलवावा असं मला फार वाटतं. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमात कलम ३९ मध्ये तज्ज्ञांच्या यादीत 'अन्य कोणतेही क्षेत्र' असे शब्द आले आहेत, तेव्हा दार निदान लोटलेलं तरी आहे.

कधी फिर्याद द्यायची वेळ आली तर ती वाचून दाखवल्यावरच सही करा, जे राहिलं ते घालायला लावा आणि फुकट मिळणारी प्रत मागून घ्या. साक्षीदाराच्या जबाबावर तर सही नसतेच. त्या जुन्या प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तो ध्वनिचित्रमुद्रितही करता येतो, सक्ती मात्र नाही. विचारून पाहायला हरकत नाही.