मोहरी, साबू आणि निळा पंप

फेरेट म्हणजे नेमकं काय, हे सासूबाईंना पटवायला मला तीन व्हिडिओ कॉल लागले. "मुंगूस आहे गं ते," हे त्यांचं ठाम मत. मुंगूस दिसणं शुभच, लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावायचो, त्यामुळे त्यांची तक्रार काही नव्हती. फक्त कॉल ठेवता ठेवता त्यांनी आपल्या मुलाबद्दल, म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं, "आणि याच्या दम्याचं काय करणार?" हा प्रश्न आम्ही नवराबायकोने एकमेकांना आधी विचारला असता तर पुढचं वर्ष बरंच सुखात गेलं असतं.

आम्ही वेस्ट यॉर्कशरमध्ये राहतो. इथे फेरेट पाळण्यात कुणाला नवल वाटत नाही. सशांच्या बिळात सोडायला ते इथे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात, त्यासाठी परवानाही लागत नाही. मुंगसाशी त्याचं नातं नाही, युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याची ही माणसाळलेली जात. लॉकडाऊनमध्ये घरात कोंडून वैतागलेल्या आमच्या दहा वर्षांच्या लेकीने वर्षभर हट्ट धरला आणि २०२१ च्या वसंतात आम्ही एका प्राणी-निवाऱ्यातून दोघं आणली. मोहरी मादी, काळपट तपकिरी, जेमतेम पाऊण किलोची. साबू नर, पांढराफेक, लाल डोळ्यांचा, दीड किलोचा. साबूदाण्यावरून साबू.

नवऱ्याला पुण्यात असताना गाजरगवताचा त्रास होता. पावसाळा सरताना डोळे सुजायचे, रात्रभर शिंका. इकडे आल्यावर गाजरगवत सुटलं, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले गालिचे नशिबी आले आणि त्यातल्या धुळीने दमा परत उकरून काढला. निवाऱ्याच्या अर्जात "घरात कुणाला ॲलर्जी?" असा रकाना होता. आम्ही लिहिलं, "सौम्य." ते कुणाच्या हस्ताक्षरात आहे यावर अजून घरात वाद होतो.

परीक्षा म्हणून त्याने निवाऱ्यातच अर्धा तास दोघांना मांडीवर घेतलं. एक शिंक आली नाही. पास झालो, असं समजून आम्ही पिंजरा घेऊन आलो. पण शरीराला त्या प्राण्याच्या प्रथिनांची ओळख व्हायला वेळ लागतो, हे कुणाला माहीत होतं? त्या अर्ध्या तासाने काहीच सिद्ध झालं नव्हतं.

उन्हाळा मजेत गेला, खिडक्या उघड्या होत्या. फेरेट दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतात आणि उरलेल्या वेळात वेड्यासारखे नाचतात: पाठीची कमान करून आडवे उड्या मारत जातात, तोंडाने कुक्‌कुक्‌ चालू. ऑक्टोबरमध्ये हीटर लागला, खिडक्या बंद झाल्या, त्यात दोघांची केसगळ सुरू झाली. नवऱ्याला शिंका सुरू झाल्या. तो काळ असा होता की शिंक आली की आधी नाकात काडी घालून कोविडची टेस्ट. पंधरा दिवसांत आठ टेस्ट केल्या, सगळ्या निगेटिव्ह. आम्हाला धास्ती होती ती आमच्यामुळे फेरेट आजारी पडण्याची, कारण फेरेटना माणसाचा फ्लू होतो आणि कोविडही. १९३३ मध्ये लंडनच्या मिल हिलमधल्या प्रयोगशाळेत माणसाचा फ्लू विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटमध्येच. त्या कामातल्या एका संशोधकाच्या तोंडावर एक आजारी फेरेट शिंकला आणि त्यालाच फ्लू झाला. आमच्याकडे मात्र फेरेट ठणठणीत होते आणि माणूस शिंकत होता.

मग हातावरच्या रेघा. मोहरी मनगटावरून चढून खांद्यावर जायची तेव्हा तिच्या नखांचे ओरखडे उठायचे. माझ्या हातावर ते पाच मिनिटांत दिसेनासे व्हायचे. नवऱ्याच्या हातावर त्याच ओरखड्यांच्या जागी लालबुंद, फुगलेल्या गांधी उठायच्या. मी म्हटलं नखं कापायला हवीत. नखं कापली, गांधी उठतच राहिल्या.

आमचा पुढचा शहाणपणा म्हणजे आंघोळ. वास आणि ॲलर्जी दोन्ही धुऊन जाईल म्हणून दर रविवारी दोघांना शाम्पू. महिन्याभरात वास दुप्पट. सारखं धुतलं की यांची कातडी कोरडी पडते आणि तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, आणि वासाचं मूळ त्या तेलातच असतं. वास खरा कमी झाला तो साबूच्या खच्चीकरणाने आणि मोहरीला बसवलेल्या हॉर्मोनच्या इम्प्लांटने. मादीच्या बाबतीत तर हे टाळून चालत नाही. नराशी संग न होता ती माजावरच राहिली तर हॉर्मोनमुळे रक्तक्षय होऊन मरू शकते.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री दीडला नवऱ्याने मला हलवून उठवलं. पलंगाच्या कडेला बसलेला, हात गुडघ्यांवर रोवलेले, छातीतून बारीक शिट्टी. पंप, पंप, एवढंच म्हणत होता. इथे पंपांचे रंग साधारण ठरलेले: दम लागला की निळा, रोज घ्यायचा तो तपकिरी. निळा पंप उशाशी असायचा. त्या रात्री नव्हता. उशा झटकल्या, कोटाचे खिसे उलटे केले. लेक जागी झाली आणि दारातूनच म्हणाली, "आई, सोफा!" सोफा आडवा केला. तळाचं काळं कापड फाडून मोहरीने आत कोठार केलं होतं. सात मोजे, टीव्हीचा रिमोट, पिठलं ढवळायचा माझा रबरी उलथणा, लेकीचे दोन खोडरबर आणि निळा पंप. टोपण गायब, तोंडाच्या कडेला दातांच्या खुणा. नळाखाली धरला, झटकला, दोन झुरके देऊन झाले तरी माझे हात कापत होते. फेरेट हा शब्द मुळात लॅटिनमधल्या चोर या अर्थाच्या शब्दावरून आलाय, हे मी नंतर वाचलं. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. नर्सने आधी फुंकायचं यंत्र हातात दिलं, पीक फ्लो मीटर. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजतं, आकडा जितका मोठा तितकं बरं. नवऱ्याचा एरवीचा आकडा ५२०. त्या दिवशी ३९०. मग तिने शांतपणे विचारलं, तपकिरी पंप रोज घेता का? नवरा छताकडे बघायला लागला. बरं वाटतंय म्हणून उन्हाळ्यापासून सोडला होता! मलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळा दोष मोहरी-साबूच्या माथी मारायची सोय तिथेच संपली.

ॲलर्जीची चाचणी व्हायला फेब्रुवारी उजाडला. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद, नाहीतर चाचणी खोटी येते. ते दिवस त्याने कसे काढले ते विचारू नका. चाचणी मात्र साधी. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे, प्रत्येकाशेजारी एक थेंब, थेंबातून सुईची हलकी टोच आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. धुळीतल्या किड्यांची गांधी आठ मिलिमीटर, मांजराची पाच, कुत्र्याची शून्य. फेरेटचा थेंब त्यांच्याकडे नव्हताच. डॉक्टर म्हणाल्या, सोपा उपाय म्हणजे प्राणी दुसऱ्या घरी देणं, आणि तो सांगणं माझं काम आहे. द्यायचे नसतील तर अंदाजाने काही करू नका, मोजा.

मग आम्ही मोजलं. शेजारचे आजोबा, तरुणपणी कोळशाच्या खाणीत होते, सत्तरी ओलांडली तरी चार फेरेट राखून आहेत. त्यांनी आमचे दोघं सहा आठवडे सांभाळले. आम्ही झोपायच्या खोलीतला गालिचा उपटून फेकला, लाकडी फरशी घातली, पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं ६० अंशांच्या पाण्यात धुतली. झाडू बंद, ओलं फडकं सुरू. प्राणी गेला म्हणजे ॲलर्जी गेली असं होत नाही. केस हा फक्त वाहक, खरी भानगड लाळेत, मुतात आणि कोंड्यात, आणि ती घरात महिनोन्‌महिने रेंगाळते. फ्रिजवर कागद चिकटवला, सकाळ-संध्याकाळ आकडा. ४१०, ४२०, एक दिवस पुन्हा ३९५, मग ४६०. सहाव्या आठवड्यात ५०५.

तेव्हा नवऱ्याने स्वतःच एक प्रयोग केला. आजोबांकडून साबूची झोपायची न धुतलेली झोळी आणली आणि परसात उभं राहून झटकली. दहा मिनिटांत डोळे लाल, घसा खवखवायला लागला. गालिचा गेला होता, तपकिरी पंप चालू होता, तरी हे. "बस्स, कळलं," म्हणाला आणि आत जाऊन तोंड धुतलं.

त्यांना देऊन टाकायचं की नाही यावर घरात एक रात्र रडारड झाली. तोडगा आजोबांनी काढला, तोही आम्हाला जवळजवळ हसत. म्हणाले, फेरेटला घरात कोण ठेवतं? त्यांची जागा बाहेर. थंडीचं त्यांना काही वाटत नाही, फक्त ओल आणि वाऱ्याचा झोत नको. आठ बाय सहा फुटांची लाकडी शेड घेतली, आत पेंढ्याची पेटी, दोन मजले, बाहेर जाळीचं अंगण. मांजरांची धुरळा उडवणारी वाळू बंद करून दाबलेल्या कागदाच्या गोळ्या आणल्या. यांचं पोट तीन-चार तासांत रिकामं होतं आणि कोपरा दिसला की मागे सरकत जाऊन तिथेच बसतात, तेव्हा रोज चार कोपरे साफ. ते काम माझं आणि लेकीचं. शेडमध्ये खुंटीला दोन जुने गाऊन, दाराशी वेगळ्या चपला. बाहेर पडताना गाऊन तिथेच, हात कोपरापर्यंत साबणाने. झोळ्या रविवारी, नवरा बाहेर गेला की मशीनमध्ये.

एकदाच सगळं कोलमडलं. १९ जुलै २०२२, इंग्लंडात पारा पहिल्यांदा चाळिसाच्या पुढे गेला, कोनिंग्सबीला ४०.३. फेरेटना घाम येत नाही, तिशीतच ते मान टाकतात. सकाळीच दोघांना बाथरूममध्ये आणलं, फरशीवर ओला टॉवेल, मोज्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या. नवरा दोन दिवस शेडमध्ये लॅपटॉप घेऊन बसला. अर्थात तो बाथरूमपासून लांब होता, पण पेंढ्याजवळ! संध्याकाळी आकडा ४४०. पुढच्या उन्हाळ्याआधी आम्ही शेडच्या छताला पांढरा रंग दिला आणि त्याला कामासाठी लेकीची खोली.

आता तो त्यांना हातात घेत नाही. त्याला हे वाटतं तितकं सोपं गेलेलं नाही, साबू त्याचाच लाडका होता. सकाळी चहाचा कप घेऊन जाळीपासून हातभर अंतरावर उभा राहतो, मराठीत काहीतरी बडबडतो. साबू जाळीला नाक लावून ऐकतो. मोहरीला त्याच्यात रस नाही, तिचं लक्ष त्याच्या रबरी चपलांकडे.

सध्या वसंतातली केसगळ चालू आहे. शनिवारी विंचरायचा दिवस, मास्क लावून लेक आणि मी बसतो, मूठभर लोकर निघते. त्या दिवशी दुपारपर्यंत परसाचं दार बंद, भाजी आणायला नवरा जातो. कालचा आकडा ५१५. सासूबाई अजून मुंगूसच म्हणतात.