मोठ्या बाबांची वही

मोठ्या बाबांना, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाला, लकवा मारला तेव्हा कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात १८ दिवस काढून घरी आणलं, त्याला आता तीन महिने होतील. माजघरात खाटेवर असतात. नळीनं पेज देतो, दर दोन तासांनी कूस बदलतो.

मी तालुक्याला सेतू केंद्रात बसते. सातबारा, आठ-अ, वारसाचे अर्ज, दिवसभर हेच. माणूस गेला की घरचे कागदांची पिशवी घेऊन येतात. मी पहिलं विचारते, "मृत्युपत्र करून ठेवलं होतं का?" बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पण ज्या माणसानं मला कॉलेजला जायला सायकल घेऊन दिली, त्यांना हा प्रश्न मी कधी विचारला नाही. जीभच रेटली नाही. त्यांच्या मरणावर टपून बसल्यासारखं वाटायचं.

मोठी आई आधीच वारली, मूलबाळ नाही. माझे बाबाही सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून पाच एकर वावर मोठे बाबा आणि माझी आई मिळून पाहत आले. सातबाऱ्यावर नाव एकट्या मोठ्या बाबांचं, २ हेक्टर २ आर. गाव धरून चालतं की हे आमचंच. पण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको, मुलं, आई-वडील कोणीच नसेल तर हयात भाऊ-बहिणी आधी येतात. आधीच वारलेल्या भावाची मुलं त्यांच्या खालच्या पायरीवर. म्हणजे दोन्ही आत्यांना निम्मं निम्मं आणि आम्हा भावंडांना काही नाही. आईचा, म्हणजे भावाच्या विधवेचा, नंबर तर आमच्याही खाली. तिनं या वावरात किती वर्षं निंदण केलं, ते सातबाऱ्यावर कुठंच लिहिलेलं नसते.

भाऊबंदांतले एक काका एका संध्याकाळी कागद आणि शाईचं पॅड घेऊन आले. मृत्युपत्राचा मजकूर तयार होता, दोन साक्षीदारही बोलून ठेवले होते. म्हणाले, "अंगठा लावून घे पोरी, नाही तं वावर हातचं जाईन. तुयी माय उघड्यावर पडन." वाईट मनानं आले नव्हते. आईकडे पाहिलं तर तिनं पदर तोंडाला लावला होता.

मी मोठ्या बाबांचा डावा हात हातात घेतला. बोंडांच्या टोकांनी नखाच्या कडेला पडलेल्या चिरा बुजत आल्या होत्या. इतक्या वर्षांत तो अंगठा पहिल्यांदाच मऊ लागला. मी विचारलं, "मोठे बाबा, आज सोमवार आहे का?" त्यांनी मान हलवली, हो. "आज शुक्रवार आहे का?" हो. मग विचारलं, "मी तुमची माय हाव का?" त्यांनी माझ्याकडे पाहत तशीच मान हलवली.

काकांनी पॅडचं झाकण लावलं. मृत्युपत्र करणाराला आपण कोणाला काय देतोय हे समजायला पाहिजे. तो अंगठा माझ्या मोठ्या बाबांचा नसता, माझा असता.

त्याच रात्री दोन्ही आत्यांना फोन करून खरं ते सांगितलं. मोठी आत्या रडली. "मी का बोलू? माया भावाले तुया मायनं जेवू घातलं." धाकट्या आत्याच्या मुलानं दुसऱ्या दिवशी एकराचा भाव विचारला. राग आला. पण हक्क त्याच्या आईचा आहे, तो लपवला असता तर ती चोरीच झाली असती. पुढं त्या काय ठरवतील ते ठरवतील. हक्कसोडपत्र सहहिस्सेदारालाच करता येते आणि आम्ही तर हिस्सेदारच नाही. त्यांना द्यायचंच असेल तर आधी त्यांच्या नावावर फेरफार व्हावा लागेल, मग बक्षीसपत्र.

ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस अजून बोलते-चालते, त्यांनी आजच विचारा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालते. करणाराची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. साक्षीदार असे घ्या, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला तर उद्या कोणी शंका घेतली तरी आधार राहते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. माणूस उठू शकत नसेल तर दुय्यम निबंधकाला घरी बोलावता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आणि नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका. विम्याचा नॉमिनी पैसे हातात घेणारा, मालक वारसच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८४ सालीच सांगितलं. २०१५ मध्ये कायदा बदलला, आता विम्यात आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच; बाकी नॉमिनींना जुनाच नियम.

खाटेखालच्या लोखंडी पेटीत सोसायटीच्या पीककर्जाच्या पावत्या, पासबुक आणि शाळेची एक दोनशेपानी वही निघाली. कोणाला किती दिले, कोणाकडून घेतले, सारं पेन्सिलनं. एका ओळीपाशी मी थांबले. सालगड्याच्या पोरीच्या लग्नाला १०,००० आणि पुढं लिहिलेलं, 'परत मागायचे नाही.' मालमत्तेची जी यादी मी करते आहे, त्यात ते १० हजार धरले नाहीत. दोन्ही आत्यांना ती ओळ दाखवली, दोघींनीही हो म्हटलं.

आता त्याच वहीत पुढं मी लिहिते. विकलेल्या कापसाचे पैसे, वेचणीची मजुरी, औषधं, डायपर, सोसायटीचा हप्ता. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो दोघी आत्यांना पाठवते. रात्री हिशेब लिहून झाला की तो मोठ्या बाबांना वाचून दाखवते. ते मान हलवतात.